नलिनीताई, ते दोन खांब

नलिनीताई,

तुम्ही गेलात त्या सकाळी खाजणबेटावरची शाळा रोजच्यासारखी भरली होती. तुमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी होडीतच होतो. बेटावर उतरलो, शाळेच्या पायऱ्या चढलो आणि बाईंना खुणेनं दाराशी बोलावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मुलांना आत्ता सांगू?" मी म्हटलं, "मधल्या सुट्टीत सांगा." आत तेराचा पाढा चालू होता. तो थांबवावा असं वाटलं नाही, एवढंच. मग मी खाली आलो आणि शाळेच्या जोत्यात तुम्ही ज्या कमानी ठेवल्यात त्यांतल्या एकीत जाऊन बसलो. ओहोटी होती. चिखलात कुर्ल्या इकडून तिकडे पळत होत्या. वरून पाढा ऐकू येत होता. मी किती वेळ बसलो होतो ते मला सांगता येणार नाही.

त्याला आज अकरा दिवस झाले. वर्तमानपत्रांत तुमच्यावर बरंच छापून आलं. पुरस्कार आले, पदव्या आल्या, परदेशातली भाषणं आली. एकानं 'वारसा जतन व आपत्तीक्षम बेटरचना या क्षेत्रातील अग्रणी' असं लिहिलंय. तुम्ही ते वाचलं असतंत तर चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं असतंत, "काशिनाथ, म्हणजे मी नक्की काय करत होते रे?"

तुम्ही काय करत होतात ते मला माहीत आहे. निदान डहाणू-तलासरीत काय केलंत ते तरी. आणि मी काय केलं, ते तुम्हाला माहीत नव्हतं. दोन्ही लिहायचं ठरवून बसलोय.

आपली गाठ पडली ती डहाणूच्या खाडीकाठी, जुन्या जकात कोठीवर. मी तलासरीच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. घरी भात आणि नाचणीची थोडी शेती, आणि बाबा गवंडी. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, आमच्या पाड्यातला पहिलाच, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. तुम्ही कोठीच्या दुरुस्तीचं काम घेतलं होतंत आणि साईटवर सुपरवायझर म्हणून मला ठेवलं होतंत. आठवड्यातून दोनदा यायचात. एकदा तुमचं येणं लांबलं आणि तेवढ्यात मी दक्षिणेकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून टाकला. सरळ, गुळगुळीत, आरशासारखा. शाबासकी मिळणार याची मला खात्री होती.

तुम्ही आलात. भिंतीवर बोटांनी टकटक केलीत. मला शिडीवर चढवलंत. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं, तिथे हात घालायला सांगितलंत. मागे कधीतरी कुणीतरी त्या भागाला माझ्यासारखाच सिमेंटचा गिलावा केलेला होता. मी हात घातला, तर एवढ्या जाड सागाच्या तुळईचा ओला भुसा मुठीत आला.

"भिंतीला घाम येतो," तुम्ही खालून म्हणालात. "चुना तो बाहेर सोडतो. सिमेंट त्याला अडवून धरतं. मग तो घाम जाणार कुठे? लाकडात."

"मग आता?"

"आता हा गिलावा उतरव. तूच उतरव."

तीन दिवस छिन्नी-हातोडी घेऊन मी माझं काम उतरवत होतो आणि मजूर हसत होते. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, इकडे चुन्याचं काम अजून कुणाला येतं का. मी मान खाली घालून म्हटलं, "माझ्या बाबांना येत असेल. पण त्यांनी सोडून बरीच वर्षं झाली." त्याच दुपारी तुम्ही माझ्या मोटरसायकलवर मागे बसून आमच्या घरी आलात. रस्ता संपल्यावर पुढे चालत.

बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "चुना आता कोण वापरतंय, बाई?"

"मी वापरते. पण मला नीट येत नाही."

इतकं शिकलेलं माणूस बाबांना 'मला येत नाही' म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबाही. ते उठले आणि आत जाऊन त्यांची जुनी थापी शोधून घेऊन आले. पुढचे पाच महिने ते कोठीवर होते. चुना किती दिवस भिजत ठेवायचा, गुळाचं पाणी कधी घालायचं, मेथी किती, हे सगळं तुम्ही वहीत उतरवून घेत होतात. त्यातलं बरंचसं तुम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं, हे मला फार नंतर तुमचं कपाट पाहून कळलं. पण तुमचं विचारणं नाटक नव्हतं. बाबांचं म्हणणं पुस्तकाशी जुळलं नाही, की तुम्ही पुस्तकातल्या त्या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकायचात. बाबांपुढे कधीच नाही.

बाबा वारले तेव्हा तुम्ही डोंगर चढून आलात आणि आईला म्हणालात, "माझे गुरुजी गेले." आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगते. आयुष्यभर लोकांच्या भिंती बांधलेल्या माणसाला त्या दिवशी मान मिळाला. मी त्याबद्दल तुमच्याशी कधी एक शब्द बोललो नाही. साईटवर आपण वाळू, खडी आणि कामगारांच्या हजेरीबद्दल बोलायचो. हे बोलायचं राहूनच गेलं.

कोठी पुरी झाली आणि तुम्ही दूर दक्षिणेकडच्या प्रवाळबेटांवर कामाला गेलात. चार-पाच वर्षं आपला संबंध म्हणजे कधीतरी येणारा फोन. परत आलात तेव्हा उन्हानं रापून काळ्या झाला होतात आणि बोलण्याचा विषय एकच होता, पाणी. स्टेशनबाहेर उसाचा रस पीत तुम्ही मला सांगत होतात, "तिथली जुनी घरं समुद्राशी भांडत नाहीत रे. पाणी आलं की भिंती जातात. जाऊ देतात. खांब आणि छप्पर राहतं. आठ दिवसांत झावळ्यांच्या भिंती पुन्हा उभ्या. आपण इतकी वर्षं भिंत वाचवत बसलो. खरं वाचवायचं ते भिंत पुन्हा उभी करण्याचं ज्ञान."

मी मान डोलावली. मला अर्धंच कळलं होतं.

खाजणबेट तुमच्याकडे आलं ते एका अहवालाच्या निमित्तानं. खाडीत चाळीसेक घरांची मच्छीमार वस्ती. ओहोटीला चिखलातून पायवाट, भरतीला होडी, आणि मोठ्या उधाणाला अंगणात पाणी. त्या वर्षी वादळात बांध फुटला, बऱ्याच घरांची छपरं उडाली, जुनी शाळा कोसळली. सुट्टी होती म्हणून मुलं वाचली. मग ठरलं की लोकांना तिथून उचलायचं आणि तलासरीकडे हायवेजवळ वसवायचं. बेट राहण्यालायक नाही, असं कुणीतरी तज्ज्ञानं लिहून द्यायला हवं होतं. काम दोन दिवसांचं.

तुम्ही गेलात आणि आठ दिवस मथुराबायच्या घरी राहिलात. मथुराबाय तेव्हाच साठीच्या पुढची होती. बेटावरच्या बायकांची ती म्होरकी. पहाटेच्या होड्या आल्या की मासळीची वाटणी तिच्या शब्दावर व्हायची. ती तुम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हायवेवर आम्ही काय मासे पकडू, ट्रकखाली?" आठ दिवसांनी तुम्ही अहवाल दिलात तो उलटा. बेट राहण्यालायक करता येईल, आणि कसं, ते पुढे चोवीस पानं. अधिकारी नाराज झाले. दीड वर्ष तुम्ही पालघरच्या आणि मुंबईच्या कचेऱ्यांमधून फिरलात. शेवटी एका संस्थेनं लक्ष घातलं आणि काम मंजूर झालं.

मग बेटावर ती बैठक झाली. तुम्ही घरांचा नमुना करून आणला होतात. उंच जोतं, लाकडी सांगाडा, कारवीच्या काड्या विणून मातीनं लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर कौलं. सुंदर होता तो. मथुराबायनं तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हे तर माझ्या आजीचं घर हाय."

तुमचा चेहरा खुलला. "अगदी बरोबर!"

"मग माझ्या आजीलाच द्या. आम्हाला स्लॅबचं पायजे."

सगळी बैठक हसली. तुम्हीही हसलात, पण परतीच्या होडीत नमुना मांडीवर घेऊन तो उलटसुलट करून बघत होतात. तलासरीच्या एस.टी. स्टँडसमोर चहा पिताना तुम्ही मला समजावायला लागलात. खाऱ्या हवेत स्लॅबच्या सळया गंजतात, स्लॅब डोक्यावर पडतो, कौलाचं घर पडलं तरी माणूस मरत नाही. सगळं खरं होतं. आणि मला एकदम राग आला.

"ताई, तुमच्या घराला स्लॅब आहे."

तुम्ही थांबलात.

"आमच्याकडे डोंगरात ज्याच्या घरावर स्लॅब आला त्याच्या पोरीला चांगलं स्थळ येतं. मी कुडाच्या घरात वाढलो. रात्री पावसात भिंत भिजली की आई आम्हाला मधल्या खोलीत ओढायची. तुम्हाला कुड सुंदर दिसतो, कारण तुम्ही त्यात कधी भिजला नाहीत."

सुरतेची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "हे तू मला बेटावर जायच्या आधी सांगायला हवं होतंस." तेवढंच बोलून तुम्ही डहाणूच्या रिक्षात बसलात. मला वाटलं, माझी नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुम्ही जेट्टीवर हजर होतात. तो नमुना बरोबर नव्हता. नुसती वही. त्या आठवड्यात आपण चाळीसही घरांत बसलो आणि तुम्ही प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारलात, "पाणी यायला लागलं की सगळ्यात आधी काय उचलता?" कुणी म्हणालं जाळी. कुणी तांदूळ. एका घरी रेशनकार्ड आणि बकरी. पण सगळीकडे दुसरं उत्तर एकच होतं, म्हातारी माणसं आणि लहान मुलं, आणि त्यांना न्यायचं कुठे तेच कळत नाही.

त्यातून नवीन आराखडा निघाला. स्लॅब होईल, पण एकच, शाळेला. शाळा इतकी पक्की, इतकी उंच, की सगळं बेट तिच्यात आणि तिच्यावर मावेल. खाली कमानी, पाणी अडणार नाही, निघून जाईल. घरं हलकीच राहतील, पण ज्याला कुड नको त्याला पत्र्याची नाहीतर सिमेंटच्या पातळ फळ्यांची भिंत घालायची मुभा. प्रत्येक घरात जाळी ठेवायला मोठा माळा. मथुराबायनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि विचारलं, "शाळेचा स्लॅब सगळ्यांचा?" तुम्ही म्हणालात, "सगळ्यांचा." ती म्हणाली, "मग चालंल."

तुम्ही आमचं ऐकलंत म्हणून मी तुम्हाला मोठं मानत नाही. ऐकणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ऐकलंत आणि तरी तुमचं खरं होतं ते सोडलं नाहीत, त्यातून तिसरंच काहीतरी काढलंत. ते मला अजून जमत नाही.

आता त्या दोन खांबांवर येतो.

शाळेच्या कामाला तुमची एक अट होती, काँक्रीटला खाडीचं पाणी चालणार नाही. बेटावरच्या विहिरी मचूळ. त्यामुळे गोड पाणी डहाणूहून पिंपांत भरून होडीनं यायचं. बेटाला हे वेड वाटायचं. ठेकेदार, आमच्याच बाजूचा माणूस, मला म्हणायचा, "तुझी मॅडम काँक्रीटला बिसलेरी पाजते." चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा लागली आणि गवंडी-मजूर सगळे तिकडे गेले. कामाचे पंधरा दिवस बुडाले. पावसाळा तोंडावर आला.

ज्या दिवशी खाडीकडचे दोन खांब भरायचे होते, त्या दिवशी ओहोटीत पाण्याची होडी चिखलात रुतली. मिक्सर चालू, माल तयार, माणसं उभी. ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. "दोनच खांब. खाडीतून दोन पिंपं घेतो. कोणाला काय कळतंय?"

ताई, मी तिथेच उभा होतो. मी 'नको' म्हटलं नाही. मी दुसरीकडे बघायला लागलो. ते दोन खांब माझ्या डोळ्यांसमोर खाऱ्या पाण्यानं भरले गेले.

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. पण तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. तुमच्यापुढे येऊन म्हणालो, "ताई, मला कळलंय की त्या दिवशी खाडीचं पाणी वापरलं." मला कळलंय! जसा काही मी शोध लावला होता.

तुम्ही खांबांकडे गेलात. वरून हात फिरवलात. खांब अगदी छान दिसत होते. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, दहा वर्षं काही होत नाही याला."

"आणि अकराव्या वर्षी?" तुम्ही म्हणालात. "तेव्हा वर कोण असेल? मुलं असतील. पाडा."

मीच सगळ्यात जास्त विरोध केला. पावसाळा आला, खांब पाडले तर स्लॅब या वर्षी होणार नाही, लोक वादळात जातील कुठे. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ते माझ्या तोंडी शोभत नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि खांब पाडलेत. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या माणसांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "काशिनाथनं लक्ष ठेवलं म्हणून कळलं. नाहीतर आपण मुलांच्या डोक्यावर मरण बांधून ठेवलं असतं."

त्यानंतर मी तुमच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं. तो हात माझ्या खांद्यावरून कधी उतरला नाही.

त्या पावसाळ्यात शाळा अर्धवट राहिली. श्रावणात मोठं उधाण आलं आणि मथुराबायच्या घराची एक भिंत आणि तिची दोन जाळी वाहून गेली. माणसं वाचली ती गुडघाभर पाण्यात उभी राहून. ती जेट्टीवर येऊन तुम्हाला नको ते बोलली. "दोन खांबांपायी आमचा पावसाळा टांगलास तू. तुझ्या त्या शाळेत मी मेले तरी चढणार नाय." तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. ते माझ्या वाट्याचं बोलणं होतं, आणि मी तुमच्या मागे छत्री धरून उभा होतो. होडी अडकली तशी मी मिक्सर बंद करायला सांगितलं असतं, तर एक दिवस गेला असता. माझ्या गप्प राहण्यानं एक पावसाळा गेला.

हे तुम्हाला सांगायला मी कितीदा आलो. एकदा तर तुमच्या घराच्या फाटकापर्यंत. तुम्ही चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून काहीतरी वाचत होतात. मला पाहून म्हणालात, "ये रे, बरं झालं आलास, ह्या जिन्याचं माप बघ." मी जिन्याचं माप बघितलं आणि परत आलो. आता हे छापलं जाईल. लोक वाचतील. वाचू देत.

पुढच्या वर्षी शाळा पुरी झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, ते मोठं वादळ आलं. तुम्ही तेव्हा मुंबईला हॉस्पिटलात होतात, पहिल्या ऑपरेशनसाठी. मी आदल्या दिवसापासून बेटावर होतो. सकाळी नऊला वारा सुरू झाला, अकराला बांधावरून पाणी आत आलं. लोक न सांगता शाळेकडे निघाले. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं. बकऱ्या आणल्या, जाळी आणली, कुणी भाताचं पातेलं झाकून आणलं. मथुराबाय आली नाही. तिचा मुलगा दोनदा जाऊन आला. शेवटी मी गेलो. ती माळ्यावर बसली होती, खाली कमरेइतकं पाणी.

"मथुराबाय, चला."

"मी बाईला बोल्ले, चढणार नाय. शब्द दिला मी."

वारा असा होता की ओरडावं लागत होतं. मी ओरडलो, "बाईची चूक नव्हती! माझी होती! ते पाणी माझ्यासमोर घातलं, मी गप्प बसलो!"

तिनं पदर कमरेला खोचला. मग माळ्यावरून पाय खाली सोडले. "तुला मग बघते मी," म्हणाली, आणि माझ्या पाठीवर बसून शाळेत आली.

म्हणजे हे मी ज्याला सांगितलं असं एक माणूस होतं, ताई. ते तुम्ही नव्हतात.

दुपारभर पाणी कमानींतून घोंघावत जात राहिलं. शाळा हलली नाही. बाया मुलांना मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पाणी कुठपर्यंत आलं ते पायऱ्या मोजून एकमेकींना सांगत होत्या. सात पायऱ्यांवर ते थांबलं. चार वाजता उतरायला लागलं. चौदा घरांच्या भिंती गेल्या होत्या, छप्पर एकाचंही नाही. माणूस एकही नाही. मोबाईलला रेंज आल्याबरोबर मी तुम्हाला फोन लावला. तुमच्या मुलीनं तो तुमच्या कानाशी धरला.

तुम्ही विचारलंत, "मथुराबाय वर आल्या?"

मी म्हटलं, "आल्या."

मग तुमची मुलगी म्हणाली, "काका, आई रडतेय. नंतर बोलू."

त्या चौदा भिंती आठवड्याभरात पुन्हा उभ्या राहिल्या. कुड विणायला बेटावरच्या म्हाताऱ्यांनी तरण्यांना शिकवलं, कारण पत्रे यायला महिना लागणार होता. तुम्ही बऱ्या होऊन आलात आणि ते पाहिलंत. मला कोपरानं ढोसलंत. तो वाद तुम्ही जिंकला होतात, तरी मोठेपणानं गप्प राहिलात.

आपला दुसरा वाद मात्र अर्धाच राहिला. आजार परत आला त्या वर्षी तुम्ही मला म्हणालात, "काशिनाथ, खाडी दर वर्षी वर येतेय. तुझी नातवंडं मोठी होतील तेव्हा बेट नसेल. आपण त्यांना बेट दिलं नाही. वेळ दिला. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं."

मी चिडलो. म्हटलं, मग एवढं केलं कशाला? तेव्हाच हायवेवर नेलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि हे त्यांना सांगायचं नाही. एवढी वर्षं झगडून उभी राहिलेली माणसं आहेत, मोडतील. तुम्ही म्हणालात, "त्यांच्या वतीनं ठरवणारे आपण कोण?" मी म्हटलं, "तुम्हाला ताप आहे, झोपा." त्यानंतर तो विषय निघाला की मी औषधांचं बोलायला लागायचो. दोन वर्षं मी ते मनात दाबून ठेवलं. बेटावर कुणी विचारलं की आणखी शंभर वर्षं काही होत नाही, असं हसून सांगायचो.

परवा बेटावर बैठक होती, शाळेतच. तालुक्याहून पुन्हा पत्र आलं होतं, तलासरीकडच्या जागेचं. मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. उभा राहिलो, तुमचं नाव घेतलं आणि तालुक्याचं पत्रच पुन्हा वाचायला लागलो.

मथुराबाय खिडकीशी बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. म्हणाली, "खाडी वर येतेय तेच ना? बस खाली."

मी खाली बसलो.

"बाईनं मला सांगितलं. आजारी होती तवा मी सुकट घेऊन गेलेली, तवा. मी तिला बोल्ले, मला ठाव हाय. तुझ्यापेक्षा जास्त वर्सं मी ही खाडी बघते. माझ्या लहानपणी ती जुनी चिंच होती ना, ती पाण्यापासून किती लांब होती." मग आजूबाजूला हात फिरवून म्हणाली, "ह्यांना पण ठाव हाय. तुलाच एकट्याला वाटत होतं, कोणाला माहीत नाय."

लोक हसले. माझ्यावरच, पण मायेनं.

मग त्यांनी त्यांचं ठरवलं. तलासरीकडची जागा घ्यायची. ज्या पोरांना वापीच्या कारखान्यांत, हायवेवर कामं आहेत त्यांनी आधी तिकडे घरं करायची. होड्या इथेच. शाळा इथेच, आणि साध्या भरतीचं पाणी सात पायऱ्या चढून यायला लागेल तोवर म्हातारी माणसंही इथेच. "जायचं तवा आम्ही जाऊ," मथुराबाय म्हणाली. "कोणी उचललं म्हणून नाय." तुम्ही म्हणत होतात तेच, आणि मी म्हणत होतो तेही. आपण दोघं दोन वर्षं ज्यावर भांडलो ते त्यांनी तासाभरात मिटवलं, आणि त्यात आपल्या दोघांचीही त्यांना फारशी गरज पडली नाही. तुम्हाला हे फार आवडलं असतं.

बैठक उठताना ती मला म्हणाली, "तिकडची घरं कोण बांधणार? बाई तर गेली."

सगळे माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत अशा वेळी माझं उत्तर ठरलेलं असायचं, ताईंना विचारून सांगतो. तोंडातून तेच निघत होतं. मी थांबलो.

"मी बांधतो," म्हटलं.

ताई, तुम्हाला न विचारता घेतलेलं हे माझं पहिलं काम.

तुमचा,
काशिनाथ